चिपळूणला कमांडरचा स्टेअरिंग बॉक्स खोलून नव्याने बांधून घेतला, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण मिस्त्रींनीच नको म्हणून सांगितलं. एकटा माणूस, हाताखाली एक पोरगा, आणि गणपतीच्या आधी हातात आहे तेवढंच काम पुरे झालं असं म्हणाले. बहादूरशेख नाक्याच्या आसपास कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात "स्टेअरिंगवाले मिस्त्री" विचारलंत तर हात करून दाखवतात, मला तरी तसेच सापडले.

गाडी महिंद्रा कमांडर, ९७ ची, डिझेल, पॉवर स्टेअरिंग नाही. अण्णांनी घेतलेली. काही वर्षं शृंगारतळी-चिपळूण वडाप, म्हणजे माणसं भरून नेण्याचा धंदा, केलं, नंतर ते बंद झालं आणि गाडी बागेच्या कामाला लागली. आंब्याच्या पेट्या, शेणखत, कधी चिरे, कधी लग्नाची माणसं. मी गाडी चालवायला शिकलो ती हिच्यावरच, त्यामुळे विकून टाक म्हणणारे खूप आहेत पण तो विषय घरात निघत नाही.

तर दोनेक वर्षांपासून स्टेअरिंगला प्ले, म्हणजे पुढची चाकं न वळता स्टेअरिंग नुसतंच फिरणं, वाढत चालला होता. सुरुवातीला थोडासाच, मग इतका की हायवेला सरळ रस्त्यावर पण हात सतत डावी-उजवी करत राहायचे, समोरून ट्रक भुर्रकन गेला की गाडी हलायची आणि तिला परत जागेवर आणायला चाक आधी नुसतंच फिरायचं आणि मग कुठे गाडी ऐकायची. बायको बाजूला बसली की दरवाजा धरून बसायची. एकदा मी नीट मोजलं. इंजिन बंद, पुढची चाकं सरळ, स्टेअरिंगच्या रिंगला चिकटपट्टी लावली, डॅशवर तार वाकवून काटा केला आणि चाकं हलू न देता रिंग दोन्हीकडे किती फिरते ते टेपने घेतलं, तर चौदा सेंटीमीटर आलं. माझ्या स्टेअरिंगचा व्यास चाळीस सेंटीमीटर आहे, म्हणजे हिशोब केला तर चाळीस अंश. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ नंबरचा नियम सांगतो की स्टेअरिंगला ३० अंशांच्या वर बॅकलॅश, म्हणजे हाच प्ले, असता कामा नये. ३० अंश म्हणजे माझ्या रिंगवर साधारण साडेदहा सेंटीमीटर. म्हणजे मी नियमाच्या बाहेर गाडी चालवत होतो आणि मला ते माहीत पण नव्हतं. तुमच्याकडे जुनी जीप, कमांडर, ट्रॅक्स, टेम्पो काहीही असेल तर आज संध्याकाळी टेप घेऊन हे मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता पहिली चूक. ऐन सीझनमध्ये, एप्रिलात, गाडी एका गॅरेजला दाखवली, नाव घेत नाही. त्याने खाली वाकून बघितलं, बॉक्सच्या वर एक पेच असतो लॉकनट लावलेला, तो नट ढिला केला, पेच आवळला, चाक हलवून बघितलं, "गेला प्ले" म्हणाला आणि तीनशे रुपये घेतले. खरंच गेला होता प्ले! मी खूश. मे महिन्यात कराडला पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढलो तेव्हा कळलं काय झालंय ते. वळण घेतलं आणि वळणातून बाहेर येताना स्टेअरिंग जसं हातातून आपोआप सरळ होत येतं ना, ते येईच ना. अडकल्यासारखं, जोर लावून परत फिरवावं लागत होतं, आणि घाटात एका वळणाच्या मागे लगेच दुसरं वळण असतं. उतरताना तर मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच आलो, खांदे भरून आले होते. परत येऊन गाडी खळ्यात लावली आणि ठरवलं की आता हे नीट झाल्याशिवाय घाट नाही.

हे असं का होतं ते नंतर मिस्त्रींनी समजावलं, ते इथेच लिहितो कारण हा पेच आवळायचा उद्योग सगळीकडे चालतो. या बॉक्समध्ये एक वर्म असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला शाफ्ट, जो स्टेअरिंग रॉडला जोडलेला. त्याच्यावर एक नट चढलेला असतो, पण नट आणि वर्मचे आटे एकमेकांना थेट घासत नाहीत, मध्ये पोलादी गोळ्या असतात. चाक फिरवलं की गोळ्या आट्यातून घरंगळत पुढे जातात आणि नटाच्या बाहेर लावलेल्या नळीतून परत सुरुवातीला येतात, गोल फिरतच राहतात, म्हणून त्याला रिसर्क्युलेटिंग बॉल म्हणतात. नटाच्या बाहेरच्या अंगाला दाते असतात, त्यात सेक्टर शाफ्टचे दाते बसतात, आणि त्या शाफ्टच्या खालच्या टोकाला ड्रॉप आर्म, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला, ड्रॅग लिंकला, हलवणारा हात. तो पेच काय करतो, तर सेक्टर शाफ्टला दात्यात अजून आत ढकलतो. आता गाडी नव्वद टक्के वेळ सरळच चालते, त्यामुळे दाते मधोमधच जास्त झिजतात, दोन्ही कडांचे दाते जवळजवळ नव्यासारखे राहतात. तुम्ही मधला प्ले जाईपर्यंत पेच आवळला की कडेच्या न झिजलेल्या दात्यांना जागाच उरत नाही, मग वळणावर ते जाम होतात. पेच आवळायचाच असतो तर चाकं सरळ ठेवून, थोडा थोडा, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, कुठे अडकतंय का. अडकलं तर समजायचं की बॉक्स खोलायची वेळ झालीय, पेचाने भागणार नाही. आमच्या गॅरेजवाल्याने ते फिरवून बघितलंच नव्हतं.

दुसरी चूक माझी स्वतःची. ऑनलाइन नवीन पूर्ण बॉक्स दिसला, "कमांडर, मेजर, ५४० सगळ्यांना चालेल" असं लिहिलेलं, ७,८०० रुपये, मागवला. आला तेव्हा वजनाला बरा, रंग चकचकीत. पण ड्रॉप आर्म त्याच्या शाफ्टवर बसेना, शाफ्टवरचे दाते, म्हणजे स्प्लाइन, वेगळेच. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे थोडं ठोकून बसवा. अहो तो ड्रॉप आर्म आहे, तो निसटला तर हातात नुसतं गोल चाक राहतं! परत पाठवला, पैसे यायला एकोणीस दिवस लागले. तोवर पाऊस लागला.

मग चिपळूण. आमच्या आत्याच्या मुलाने या मिस्त्रींचं सांगितलं, तो तिथे पेठमापला राहतो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत एक जुनं लेथ, हायड्रॉलिक प्रेस, दोन बाकं, आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक लाल रेघ. २०२१ च्या जुलैच्या पुराच्या पाण्याची, २२ तारखेची. चिपळूणला कुणाच्याही दुकानात गेलात तर ही रेघ कुठल्या ना कुठल्या उंचीवर दाखवतात, आणि जुनी माणसं लगेच २००५ ची खाली कुठे होती ते पण दाखवतात. मिस्त्रींचं लेथ चार दिवस गाळात होतं, मोटर परत बांधून घेतली, बाकी सगळं स्वतः साफ केलं म्हणाले. ही रेघ मी का सांगतोय ते पुढे कळेल.

पहिली गोष्ट मला आवडली ती म्हणजे गाडी बघायच्या आधी त्यांनी पैसे सांगितले नाहीत. "खोलल्याशिवाय मी आकडा सांगत नाय, आणि खोलायच्या आधी बॉक्सच खराब आहे का ते बघूया." मला गाडीत बसवलं, चाक हळूहळू डावी-उजवी हलवायला सांगितलं, नुसतं प्लेपुरतं, आणि स्वतः खाली झोपले, एक हात ड्रॉप आर्मवर, एक हात ड्रॅग लिंकच्या जॉइंटवर. मी हलवतोय आणि ते खालून सांगतायत, आता चाक फिरतंय पण शाफ्ट नाय फिरत, हा बॉक्सचा. आता आर्म हललाय पण लिंक नाय हलली, हा जॉइंटचा. मग पोराला झोपवून तेच केलं, मग मला पण खाली बोलावून बोट ठेवायला लावलं. बोटाला खरंच कळतं हो, जॉइंट मोकळा असेल तर आधी टक् लागतं मग पुढे ओढतं. बॉक्स चेसिसला ज्या बोल्टवर बसतो ते बोल्ट पण बघितले, तिथला पत्रा चिरलाय का ते बॅटरी मारून बघितलं. निकाल असा की प्ले जास्त करून बॉक्समध्येच, पण ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं पण गेलेली, आणि किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या पिना, थोडे मोकळे पण लगेच नाही केले तरी चालेल. पहिल्या गॅरेजवाल्याने यातलं काहीच केलं नव्हतं. नवीन बॉक्स बसला असता तरी ते जॉइंट तसेच राहिले असते आणि मी म्हटलं असतं नवीन बॉक्स पण खराब.

दुसऱ्या दिवशी बॉक्स काढायला घेतला तर ड्रॉप आर्म निघेना. खाऱ्या हवेने शाफ्टवर असा काही गंजून बसलेला की जणू एकाच लोखंडाचा. गाडी महिन्यातून दोनदा तरी धोपावे-दाभोळ फेरीबोटीने जाते, आणि घर समुद्रापासून जवळच. मला वाटलं आता गॅस लावणार, कारण आमच्याकडे काहीही अडकलं की गॅस. तर नाही. आधी पंचने आर्मवर आणि शाफ्टवर खूण मारली, समोरासमोर, म्हणजे परत लावताना एक दाताही इकडे तिकडे व्हायला नको. गंज सोडवायचं तेल मारलं, पुलर लावून ताण देऊन तसाच ठेवला आणि मला घरी पाठवलं. सकाळी नऊला फोन, "निघाला." पुलरचा बोल्ट अर्धा फेरा दिल्यावर फट्कन सुटला म्हणे. गॅस का नाही लावला विचारलं तर म्हणाले आर्म घडवलेला असतो, त्याला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून कडक केलेलं असतं, लाल केला की ते जातं, मग तो दिसायला तसाच पण कधी वाकेल, कधी तडकेल सांगता येत नाही. हातोडा पण नाही, कारण तो मार आतल्या बेअरिंगला बसतो. आणि बॉक्स सुटा असताना चाक टोकापर्यंत नेऊन आपटायचं नाही, गोळ्यांच्या नळ्यांची टोकं मोडतात. पोरगा गंमत म्हणून फिरवायला गेला तर त्याला ओरडा पडला.

आता मुख्य. प्लग काढून ऑइल ओतलं तेव्हा मी समोर होतो. ऑइल काळं किंवा तपकिरी असायला हवं ना, ते दूध घातलेल्या चहासारखं निघालं, खाली दोन-तीन चमचे शुद्ध पाणी आणि तळाला लाल गाळ. मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले, "ही गाडी पुरात होती काय?"

होती. २१ जुलैला मी आत्याकडे गेलो होतो, रात्री तिथेच राहिलो, गाडी खालीच लावलेली. पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा माणसं वर नेता नेताच पुरेवाट झाली, गाडीकडे कोण बघतो. बॉनेटच्या वर पाणी गेलं होतं. नंतर आम्ही तिच्यावर मरमर मेहनत घेतली, इंजिन खोललं, ऑइल दोनदा बदललं, गिअरबॉक्स, दोन्ही डिफरन्शियल, हबमधलं ग्रीस, ब्रेक, डायनामो, वायरिंग, सगळं. मला वाटत होतं एकही जागा सोडली नाही. स्टेअरिंग बॉक्सचं ऑइल बदलायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. तेवढ्याशा डब्यात ऑइल असतं हेच कित्येक लोकांच्या लक्षात नसतं. सेक्टर शाफ्टचं सील जुनं झालेलं, तिथून पाणी आत गेलं, ते ऑइलमध्ये मिसळून राहिलं आणि इतकी वर्षं आतून खात बसलं.

मिस्त्री म्हणाले पुरानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्यांच्याकडे असे बॉक्स येतच आहेत, जीपचे, टेम्पोचे, एकदा तर ट्रॅक्टरचा. सगळ्यांची गोष्ट तीच, सगळं बदललं, हे राहिलं. म्हणून हात जोडून सांगतो, चिपळूण, खेड, महाड, जिथे जिथे तेव्हा पाणी भरलं तिथली जुनी गाडी तुमच्याकडे असेल, किंवा तुम्ही ती सेकंडहँड घेतली असेल, तर स्टेअरिंग बॉक्सवरचा ऑइलचा प्लग उघडा, एक बारीक तार आत घालून बाहेर काढा. तारेवर काळपट चिकट ऑइल आलं तर ठीक. दुधाळ आलं किंवा तार कोरडीच आली तर थांबू नका.

गोळ्या एका ताटलीत ओतल्या. चांगली गोळी काचेसारखी चमकते, या निम्म्याहून जास्त मुरमाड, खड्डे खड्डे पडलेल्या, काही तर हाताला खरखरीत लागत होत्या. वर्मच्या आट्यात जिथे गोळ्या नेहमी थांबायच्या तिथे तपकिरी ठिपके आणि ठिपक्यांच्या जागी खळगे. वरचं-खालचं बेअरिंग फिरवलं की करकर वाजायचं. सेक्टर शाफ्टचे मधले दाते कडेच्या दात्यांच्या शेजारी ठेवून दाखवले, फरक नुसत्या डोळ्याने दिसत होता, आणि जिथे सीलची कड बसते तिथे शाफ्टवर गोल चर पडलेली. अशा चरीवर नवीन सील घातलं तरी आठ दिवसात परत गळतं.

इथे मी विचारलं की शाफ्टवर वेल्डिंगने भर देऊन लेथवर उतरवला तर? स्वस्तात होईल. त्यांच्याकडे लेथ आहे, त्यांचाच फायदा होता. सरळ नाही म्हणाले. "स्टेअरिंगच्या शाफ्टला मी वेल्डिंग मारत नाय. दुसरीकडे मारून देतील. तिकडे जा, मी राग नाय मानणार." तसंच नुसत्या गोळ्या बदलून पण चालणार नाही म्हणाले, खराब आट्यात नवीन गोळ्या टाकल्या तर महिन्यात त्या पण तशाच होतील, आणि जुन्या-नव्या मिसळायच्या तर मुळीच नाहीत, कारण मापात केसाएवढा फरक असला तरी सगळा भार मोठ्या गोळ्यांवरच येतो. वर्म आणि नट जोडीनेच घ्यायचे. बॉक्सचं बाहेरचं बिडाचं कवच मात्र चांगलं होतं, चीर नाही, बेअरिंग बसायची जागा गोल. तेच गेलं असतं तर मी स्वतःच तुम्हाला नवीन पूर्ण बॉक्स घ्यायला लावला असता, असं म्हणाले. पूर्ण घ्यायचाच झाला तर राणेसारख्या स्टेअरिंगच्याच धंद्यातल्या कंपनीचा, पार्ट नंबर जुळवून, असा त्यांचा सल्ला. मला कोल्हापूरच्या दुकानात भाव मिळाला तो साडेतेरा हजार आणि वर महिनाभर थांबा.

पार्ट कोल्हापूरहूनच मागवले, एसटीच्या पार्सलने आले. त्यात दोन दिवस गेले, पाऊस इतका होता की आंबा घाट बंद होतोय की काय अशी धाकधूक.

बांधतानाचा दिवस मी मुद्दाम पूर्ण तिथे बसलो. शाफ्ट ज्यात फिरतो ते जुने बुश प्रेसने काढले, नवे दाबले, पण नवा बुश दाबला की आत थोडा आकसतो, शाफ्ट जातच नाही. इथे बरेच जण शाफ्टला पॉलिश पेपर मारून घालतात. यांनी हाताचा रीमर, म्हणजे भोक बारीक कातून मोठं करायचं हत्यार, घेतला, एक फेरा, शाफ्ट घालून बघ, परत एक फेरा, असं करत करत तासभर. शेवटी शाफ्ट ऑइल लावून सोडला तर स्वतःच्या वजनाने हळूच आत उतरला, आणि डावी-उजवी हलवला तर हलत नव्हता. त्या हळूच उतरण्याकडे बघूनच मला कळलं की योग्य जागी आलोय.

गोळ्या मोजून नटाच्या दोन्ही मार्गांत सारख्या भरल्या, ग्रीसच्या टिपक्याने जागेवर धरून ठेवल्या. मग वर्म बॉक्समध्ये बसवला, सेक्टर शाफ्ट अजून बाहेरच. आधी वर्मच्या बेअरिंगचा ताण जुळवायचा असतो, शिमच्या पातळ पत्र्या कमी-जास्त करून, आणि तो नुसत्या वर्मचा मोजायचा. सेक्टर घातला की मग कळत नाही ताण कशाचा आहे. तो मोजायला त्यांनी काय वापरलं असेल? मासळीवाल्यांकडे असतो तसा हुकाचा स्प्रिंगकाटा! स्टेअरिंगचं चाक शाफ्टवर चढवलं, रिंगला दोरी गुंडाळली, दोरीला काटा अडकवला आणि सावकाश ओढत काटा कितीवर असताना चाक फिरायला लागतं ते बघितलं. शिम काढली, परत ओढलं. परत. चार वेळा कव्हर खोललं. त्यांच्या वहीत गाडीप्रमाणे आकडे लिहिलेले आहेत, तेल लागून पिवळी पडलेली वही, पण पुरातून ती वाचली कारण बायकोने माळ्यावर टाकली होती.

मग सेक्टर शाफ्ट. पेचाचं डोकं शाफ्टच्या खाचेत बसतं, ते हाताने फिरलं पाहिजे पण वर-खाली हललं नाही पाहिजे, त्याला पण वेगळी शिम. सील घालताना शाफ्टच्या स्प्लाइनवर टेप गुंडाळली म्हणजे सीलची कड कापली जात नाही. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत नेलं, बरोब्बर निम्मे परत आणलं, तो मध्य. त्या मध्यावर पेच जुळवला, परत काटा लावला. मध्यावर किंचित घट्ट आणि दोन्हीकडे सरकलं की मोकळं, असंच लागलं पाहिजे, दाते मुळातच तसे बनवलेले असतात. मला फिरवायला दिलं. मध्यावरून जाताना हाताला एक बारीकसा अडसर जाणवतो, खड्डा नाही, उंचवटा. इतकी वर्षं गाडी चालवून हे मला कधी कळलं नव्हतं. शेवटी ९० नंबरचं गिअर ऑइल प्लगपर्यंत. ग्रीस नाही. ग्रीस भरलं की गळत नाही म्हणून लोक भरतात, पण ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत दात्यांकडे येत नाही, वरचं बेअरिंग कोरडं पडतं.

शेजारच्या बाकावर एका फार जुन्या जीपचा बॉक्स खोललेला होता, विलिसच्या वळणाची जी महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतली त्या घराण्यातली. त्यात गोळ्यांचा नट वगैरे काही नाही, वर्मसारख्या कॅमच्या खोल चरीत लिव्हरच्या दोन खुंट्या फिरतात, बस. त्या खुंट्या झिजून चपट्या झालेल्या. मिस्त्री तो बॉक्स हातात घेऊन फार मायेने बोलत होते, त्याचे पार्ट आता शोधावे लागतात म्हणून दोन मोडक्या बॉक्सातून एक चांगला करतायत. असल्या जीपवाल्यांसाठी ही माहिती मोलाची आहे म्हणून सांगितलं.

गाडीवर चढवला, पंचच्या खुणा जुळवून ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकचे नवे एंड, प्रत्येक कॅसल नटला नवीन स्प्लिट पिन. चाकं सरळ असताना स्टेअरिंगचा आरा थोडा तिरका येत होता. सोपा मार्ग म्हणजे स्टेअरिंग काढून एक दाता फिरवून लावणं, पण मग बॉक्सचा मध्य चुकतो, म्हणजे सरळ रस्त्यावर तुम्ही त्या उंचवट्याच्या बाजूला चालत राहता. म्हणून ड्रॅग लिंकची लांबी फिरवून जुळवलं. वेळ लागला, पण हेच खरं.

निघायच्या आधी मी परत चिकटपट्टी लावून मोजलं. अडीच सेंटीमीटर. म्हणजे सात अंशांच्या आसपास. चौदावरून अडीच! रामपूर, मार्गताम्हाने करत घरी आलो, पाऊस होता, खड्डे होते, समोरून डंपर येत होते आणि गाडी रेघेत चालत होती. वळणातून सोडलं की चाक हातात अलगद सरळ होत यायचं. पडवीत अण्णा बसले होते, त्यांना म्हटलं चक्कर मारा. आता ते फार चालवत नाहीत, नाक्यापर्यंत जाऊन आले, उतरले आणि म्हणाले, "घेतली तेव्हा अशीच होती." मला त्या एका वाक्यात सगळे पैसे वसूल.

पैशांचं सांगतो. वर्म-नट जोडी ३,४००, सेक्टर शाफ्ट २,१००, दोन बेअरिंग ६४०, बुश-सील-गास्केट-शिम ७५०, ड्रॅग लिंकचे एंड ९००, ऑइल १८०, पार्सल १२०, मजुरी ३,०००. एकूण ११,०९०. स्वस्त नाही हे मान्य, तो ऑनलाइनचा बॉक्स याहून स्वस्त होता. पण काय बदललं, का बदललं ते मी डोळ्याने बघितलं, जुने पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात दिले, आणि हे सगळं जिथे बिघडलं तर परत जाता येईल अशा माणसाने केलंय. मजुरी तर मला कमीच वाटली, दोन दिवसांचं काम होतं ते.

न आवडलेलं पण लिहितो. तीन दिवस सांगितले होते, सहा लागले, त्यातले दोन पार्सलचे धरले तरी एक दिवस ते दुसऱ्याच कामावर होते आणि फोन उचलत नव्हते. गुहागरकडून येणाऱ्याला एक फेरी फुकट गेली तर सगळा दिवस जातो, एवढा एक निरोप द्यायला हवा होता. बिल नाही, वहीच्या कागदावर हिशोब, ज्यांना बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्या. आणि आठवड्याने साइड कव्हरच्या खालून ओल दिसली. गेलो तर एक शब्द न बोलता कव्हर काढलं, गास्केटची घडी एका कोपऱ्यात दबलेली होती, नवीन टाकली, पैसे विचारले तर हातानेच नाही म्हणाले. त्यानंतर दीडेक हजार किलोमीटर झाले, खाली पुठ्ठा टाकून ठेवतो रात्री, एक थेंब नाही.

त्यांनी हजार किलोमीटरला पेच बघायला बोलावलं होतं, नवीन दाते एकमेकांत बसले की थोडी सैल पडू शकते म्हणून. बघितलं, काही करावं लागलं नाही, लॉकनट नुसता पान्याने तपासला. पॉवर स्टेअरिंगचे बॉक्स ते घेत नाहीत, त्याचं सील किट आणि प्रेशर तपासायचं मशीन वेगळं, त्यासाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जा असं स्वतःच सांगतात, हे पण चांगलंच.

किंगपिनचं काम राहिलंय. नवरात्रात गाडी दोन दिवस मोकळी असते, तेव्हाची तारीख घेऊन ठेवलीय.